मेपल सिरप: नाव सगळीकडे, चव थोड्यांच्याच जिभेवर

प्रश्न नाशिकहून आला आहे. मुलगी कॅनडात शिकायला गेली आहे, ती फोनवर सांगते की तिथे घरोघरी मेपल सिरप असतं. आईवडिलांनी ते कुणाच्याच घरी पाहिलेलं नाही. त्यांचं विचारणं असं, की कॅनडाच्या बाहेर हे खरोखर कुणाला माहीत असतं का? की आपल्यालाच ठाऊक नाही? आणि सुट्टीत येताना तिने बाटली आणली, तर तिचं करायचं काय?

मी अन्नतंत्रज्ञ आहे. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात सिरपची प्रतवारी, तपासणी आणि निर्यात या कामात माझी बरीच वर्षं गेली. परदेशी खरेदीदारांसमोर बाटली उघडून चमचाभर चव द्यायची आणि त्यांच्या शंका फेडायच्या, हाही त्याच कामाचा भाग. त्यामुळे कुठल्या देशात याची किती ओळख आहे, हे मला आकड्यांपेक्षा माणसांकडून जास्त कळलेलं आहे.

आधी सरळ उत्तर देतो. मेपल सिरप हे नाव शहरी जगात बहुतेक ठिकाणी पोहोचलं आहे. त्याची नक्कलही पुष्कळ ठिकाणी पोहोचली आहे. झाडाचा रस आटवून केलेलं अस्सल सिरप घरात नेमाने वापरणारी माणसं मात्र फार थोडी आहेत, आणि त्यातली बहुतेक उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागात राहतात. म्हणजे नाशिकच्या घरात ते नसणं हीच जगातली नेहमीची स्थिती आहे, कॅनडातलं घर हा अपवाद.

असं का, हे झाडापासून सुरू होतं. शुगर मेपल हे झाड मुळात उत्तर अमेरिकेच्या पूर्व आणि ईशान्य पट्ट्यातलं. नुसतं झाड असून भागत नाही, हवाही तशीच लागते. रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्यावर, असं चक्र काही आठवडे चालावं लागतं. रात्रीच्या गोठण्यात खोड पाणी ओढून घेतं. दिवसा बर्फ वितळला की आतला दाब वाढतो आणि खोडाला पाडलेल्या भोकातून रस बाहेर येतो. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंतचे हे दिवस. एकदा कळ्या फुटायला लागल्या की रसाची चव बिघडते आणि हंगाम संपतो. त्या रसात साखर असते जेमतेम २ टक्के. एक लिटर सिरपला साधारण ४० लिटर रस आटवावा लागतो. आमच्या धंद्यात याचा एक जुना हिशोब आहे: ८६ ला रसातल्या साखरेच्या टक्क्यांनी भागा, म्हणजे एक लिटर सिरपला किती लिटर रस लागेल ते कळतं.

आज मोठ्या बागांत रस गोळा करायच्या बादल्या दिसत नाहीत. झाडाझाडाला प्लास्टिकच्या नळ्या जोडलेल्या असतात, पंपाने रस ओढला जातो, आधी गाळणयंत्रातून त्यातलं बरंचसं पाणी काढतात आणि मग उकळतात. पण उकळण्याच्या खोलीत उभं राहिलं की कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला काहीच परकं वाटत नाही. तीच वाफ, तोच फेस, तेच कढईवर खिळलेले डोळे. उकळबिंदू पाण्यापेक्षा ४ अंशांनी वर, म्हणजे १०४ अंशांच्या आसपास गेला की पाक तयार झाला. तेव्हा त्यात साखर ६६ टक्के असते. याच्या खाली राहिला तर आंबतो, ६८ च्या वर गेला तर तळाशी खडे धरतो. एवढ्याशा फरकावर वर्षभराचा माल टिकतो किंवा बिघडतो, म्हणून तो क्षण कारागीर दुसऱ्यावर सोडत नाही.

आता यातून जगाचा नकाशा कसा होतो पाहा. जगातल्या उत्पादनातला साधारण ७० टक्के वाटा एकट्या क्यूबेक प्रांताचा. उरलेल्यातलं बहुतेक अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांतलं, आणि त्यातही व्हरमाँटचा वाटा जवळपास निम्मा. कॅनडाच्या निर्यातीतला निम्म्याहून जास्त माल शेजारच्या अमेरिकेतच जातो. त्यानंतर जर्मनी, ब्रिटन, जपान, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया यांची नावं येतात. बाकीच्या जगाच्या वाट्याला उरतं ते किरकोळ.

एवढंच काय, कॅनडातही सगळीकडे त्याची ओळख सारखी नाही. क्यूबेकमध्ये मेपल हा वसंताचा सण असतो. लोक कुटुंबासकट साखरघरात, म्हणजे रस आटवतात त्या ठिकाणी, जेवायला जातात. घेवड्याच्या दाण्यांची मंद शिजवलेली उसळ, अंडी, खारवलेलं डुकराचं मांस, या सगळ्यावर सिरप ओततात. शेवटी बाहेर ताज्या बर्फावर उकळता पाक ओततात, तो चिकट झाला की काडीला गुंडाळून मुलं चोखतात. पश्चिमेच्या ब्रिटिश कोलंबियात मात्र शुगर मेपलची रानं नाहीत. तिथे मोठ्या पानांच्या दुसऱ्या मेपलपासून थोडंसं सिरप होतं, पण बहुतेकांना ते दुकानातूनच आणावं लागतं. तुमची मुलगी कुठल्या शहरात आहे यावरही तिचं ‘घरोघरी’ अवलंबून आहे.

आणि हे सगळं ज्यांच्यामुळे, त्यांचा उल्लेख बाटलीवर क्वचितच असतो. अनिशिनाबे, हॉडेनोशोनी, अबेनाकी या तिथल्या मूळ लोकांना हा रस आणि त्याची साखर युरोपीय माणसं येण्याआधीपासून ठाऊक होती. पातळ सिरप साठवणं अवघड, म्हणून ते पूर्ण आटवून साखरेच्या वड्या करत. युरोपातून आलेल्या वसाहतकारांनी हे त्यांच्याकडून घेतलं. पुढे १७९१ मध्ये फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी मेपल साखरेच्या बाजूने जोरदार लेखन केलं. गुलामांच्या घामावर पिकणाऱ्या उसाच्या साखरेला तो पर्याय व्हावा, अशी त्यांची इच्छा होती. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन यांनीही त्याच वर्षी व्हर्जिनियातल्या आपल्या मळ्यात शुगर मेपलची रोपं लावली. ती बाग काही रुजली नाही. उसाची साखर स्वस्त होत गेली, मेपलची साखर मागे पडली आणि सिरप हा हौसेचा पदार्थ उरला.

इथेच नकलेचा जन्म आहे, आणि परदेशातली ओळख समजून घ्यायची तर हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. १८८७ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटातून लॉग केबिन नावाचं मिश्रण बाजारात आलं: मेपल थोडं, उसाची साखर जास्त. पुढे अशा मिश्रणांतलं मेपल कमी होत गेलं आणि मक्याचा पाक आला. ज्याला आज अमेरिकेत ‘पॅनकेक सिरप’ किंवा ‘टेबल सिरप’ म्हणतात, त्यात बहुतेक वेळा मक्याच्या साखरेचा पाक, तपकिरी रंग, वास आणि दाटपणा आणणारा डिंक असतो. झाडाचा थेंबही नसतो. अमेरिकेच्या दक्षिणेत, मध्य भागात कितीतरी पिढ्या यावरच वाढल्या. त्यांच्या मनात मेपलची जी चव आहे ती या बाटलीची.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. चवीच्या टेबलावर दोन छोटे पेले ठेवायचे, एकात अस्सल आणि एकात पॅनकेक सिरप, नाव न सांगता. टेक्सासकडची माणसं आली की पुष्कळदा दुसऱ्या पेल्याकडे बोट दाखवत, “हेच खरं.” अस्सल पेल्याबद्दल तक्रार ठरलेली: पातळ आहे, पाणी घातलंय का? यात त्यांचा दोष नाही. ६६ टक्के साखरेचा पाक मधाइतका दाट असूच शकत नाही. दाटपणा हा डिंकाचा गुण आहे. पण लहानपणापासून जिभेला जे पाजलं तेच तिला खरं वाटतं, आणि म्हणून मला ‘अमेरिकेत सगळ्यांना मेपल सिरप माहीत असतं’ हे विधान अर्धवट वाटतं. व्हरमाँटचं तसं नाही. तिथला कायदा मेपल या नावाच्या बाबतीत फार कडक आहे. २०११ मध्ये मॅकडोनाल्ड्सच्या एका ओटमीलच्या नावात मेपल होतं आणि पदार्थात मेपल नव्हतं, तेव्हा राज्याने हरकत घेतली. शेवटी त्या राज्यात मागणाऱ्या गिऱ्हाइकाला अस्सल मेपल द्यायचं कंपनीने कबूल केलं.

समुद्रापलीकडे गेल्यावर माझा अनुभव असा, की एखाद्या देशात मेपलला किती जागा मिळेल हे त्या देशाच्या स्वतःच्या गोड पाकावर आणि त्यांच्या नाश्त्यावर ठरतं. ब्रिटनमध्ये १८८० च्या दशकापासून गोल्डन सिरप आहे. उसाची साखर शुद्ध करताना उरणारा सोनेरी पाक, हिरव्या-सोनेरी डब्यातला. त्यांची पुडिंगं त्यावर. पॅनकेक ते वर्षातून एका ठरलेल्या मंगळवारी आवर्जून करतात आणि त्यावर लिंबू पिळून साखर भुरभुरतात. मग मेपल ओतायचं कशावर? तरीही आज ब्रिटनच्या कुठल्याही मोठ्या दुकानात ते मिळतं, कारण अमेरिकी पद्धतीचे जाड पॅनकेक तिथे रुळले. पदार्थ आला आणि त्याच्या मागून पाक आला. नेदरलँड्समध्ये पॅनकेक हे जेवणच आहे, पण त्यावर त्यांचा बिटाच्या साखरेचा ‘स्ट्रोप’ ठाण मांडून बसलेला. तिथे मेपल विकायला मला सगळ्यांत जड गेलं.

जर्मनीत उलट. ऱ्हाइनच्या काठच्या लोकांना पावाला बिटाचा काळा पाक लावायची सवय आहे, म्हणजे त्यांनाही पर्याय होताच. पण तिथे मेपल शिरलं ते जैविक मालाच्या दुकानांतून. पांढऱ्या साखरेला दुसरं काहीतरी हवं असणारी, पुढे मध न खाणारी व्हिगन मंडळी हे पहिले गिऱ्हाईक. जर्मन खरेदीदाराचा पहिला प्रश्न चवीचा नसतो, जैविक प्रमाणपत्राचा असतो. तो गडद प्रत मागतो, कारण तो पॅनकेकवर कमी आणि दह्यात, धान्याच्या मिश्रणात, केकच्या पिठात जास्त घालतो. मला हा वापर फार शहाणपणाचा वाटतो. कॅनडात जन्मलेल्या लोकांपेक्षा काही जर्मन स्वयंपाकी मेपलचा उपयोग जास्त विचारपूर्वक करतात.

फ्रान्सला क्यूबेकशी भाषेचं नातं आहे, शिवाय तिकडे स्थायिक झालेल्या मुलाबाळांकडून बाटल्या येत असतात. त्यामुळे नाव सगळ्यांना ठाऊक. क्रेपवर, म्हणजे त्यांच्या पातळ पॅनकेकवर, मात्र साखर, जॅम किंवा चॉकलेटच.

जपानबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. मेपल म्हटल्यावर जपानी माणसाच्या मनात आधी येतात शरदातली लाल पानं. ती पाहायला लोक मुद्दाम डोंगरांत, देवळांत जातात. हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर मेपलच्या पानाच्या आकाराचे छोटे केक मिळतात, पण आत असतं लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण. मेपल सिरपचा त्यात काही संबंध नाही, आणि परदेशी पाहुण्यांचा तिथे नेहमी गोंधळ होतो. दुसऱ्या बाजूला जपानी घरांत ‘हॉटकेक’, म्हणजे जाड पॅनकेक, हा मुलांचा आवडता पदार्थ. वर लोण्याचा तुकडा आणि तपकिरी पाक. तो पाक बहुधा मेपलच्या वासाचा साखरपाक असतो, आणि लेबलावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणून जपानी गिऱ्हाइकाला अस्सल आणि वासाचं यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही, तो लेबल वाचूनच आलेला असतो. त्याला हवी असते हलकी, सोनेरी, नाजूक प्रत. शिवाय टोकियोजवळच्या चिचिबूच्या डोंगरांत तिथल्याच मेपलच्या रसापासून थोडं सिरप बनवलंही जातं.

कोरियात तर माझ्या या विषयातल्या समजुतींना नवी दिशा मिळाली. देशाच्या दक्षिणेला जिरीसान पर्वताच्या पायथ्याशी हिवाळा संपता संपता तिथल्या मेपलला भोकं पाडून रस काढतात आणि तो तसाच पितात. आटवत नाहीत, पाक करत नाहीत. हाडांना चांगला अशी श्रद्धा आहे. गरम केलेल्या जमिनीच्या खोलीत बसायचं, खारवलेले सुके मासे तोंडी लावायचे म्हणजे तहान लागते, आणि रस पीत राहायचं. आता सांगा, या माणसाला मेपल माहीत आहे की नाही? झाड माहीत आहे, रस माहीत आहे, हंगाम माहीत आहे. सिरप तो कॅफेत वॉफलवर पाहतो तेव्हा दोन्हींचं नातं त्याच्या लक्षात येतंच असं नाही. रशिया, युक्रेन, बाल्टिक देश यांच्याकडेही असंच, फक्त झाड वेगळं. वसंतात बर्च झाडाचा रस काढून पिणं तिथे घरगुती गोष्ट आहे. त्या लोकांना मेपल सिरप कसं होतं हे एका वाक्यात कळतं.

कोकण-गोव्याच्या माणसाचंही तेच. शिंदीची नीरा सकाळी प्यायलेली असते, माडाची सूर कशी उतरवतात हे पाहिलेलं असतं, गोव्यात तर तिच्यापासून गूळही करतात. झाडाला जखम करून गोड रस घ्यायचा, झाड मरू द्यायचं नाही आणि रस आंबायच्या आत विस्तवावर चढवायचा, ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. मेपलमध्ये खोडाला ८ मिलिमीटरचं भोक, बोटाच्या दोन पेरांएवढं खोल. हंगाम संपला की तोटी काढतात, जखम भरते, पुढच्या वर्षी भोक दुसरीकडे. नीट निगा राखली तर एकच झाड कित्येक पिढ्या रस देतं.

न खाताही हे नाव इतकं पसरलं, त्याची कारणं स्वयंपाकघराबाहेरची आहेत. १५ फेब्रुवारी १९६५ पासून कॅनडाच्या झेंड्यावर मेपलचं पान आहे. विमानतळावरच्या पानाच्या आकाराच्या बाटल्या त्याच ओळखीवर खपतात. मग २०१२ ची चोरी. क्यूबेकमध्ये उत्पादकांच्या संघटनेने २००० पासून सिरपचा राखीव साठा ठेवलेला आहे, पीक कमी आलं तरी भाव आणि पुरवठा सांभाळता यावा म्हणून. सेंट-लुई-द-ब्लँडफर्ड या गावच्या गोदामातून जवळपास ३,००० टन सिरप चोरीला गेल्याचं उघड झालं. किंमत जवळपास १.९ कोटी कॅनेडियन डॉलर. चोरांनी पिंपांतलं सिरप काढून पाणी भरलं होतं, नंतर तर पिंपं रिकामीच ठेवली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी छापली. त्यानंतर परदेशात मी काय काम करतो हे सांगितलं की लोक आधी चोरीबद्दल विचारत, चव नंतर. तिसरं कारण लिंबू, मेपल आणि तिखट घातलेल्या पाण्यावर राहायचा तो उपास. २००६ च्या सुमारास गायिका बियॉन्सेमुळे तो चर्चेत आला आणि आशिया-युरोपातल्या कित्येकांनी आयुष्यातली पहिली बाटली ‘औषध’ म्हणून विकत घेतली. अशा उपासाने शरीर शुद्ध होतं याला आधार नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण एवढ्या कष्टाच्या पदार्थाशी पहिली भेट उपाशीपोटी तिखट पाण्यात व्हावी हे बरं नाही. करोनाच्या काळात उलट झालं: लोक घरी नाश्ता करू लागले, मागणी वाढली आणि २०२१ मध्ये पीक कमी आल्याने राखीव साठ्यातलं जवळपास निम्मं सिरप बाजारात सोडावं लागलं.

आता वासाची गोष्ट, कारण इथे आपण मराठी लोक जगाच्या पुढे आहोत. मेथीदाण्याच्या वासात सोटोलॉन नावाचा एक घटक असतो. त्याचा वास मेपलच्या इतका जवळचा, की नकली मेपल इसेन्स करायला मेथीचा अर्क वापरतात. न्यूयॉर्कमध्ये २००५ पासून अधूनमधून शहरभर मेपल सिरपचा वास सुटायचा, लोक घाबरून फोन करायचे. २००९ मध्ये शोध लागला: नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या सुगंध बनवणाऱ्या कारखान्यात मेथीवर प्रक्रिया चालायची. मी भारतात आलो की मुद्दाम नातेवाइकांना डोळे मिटून नकली पाकाची बाटली हुंगायला देतो. “मेथी!” हे उत्तर बायकांकडून लगेच येतं. अस्सल सिरपच्या बाबतीत तसं एका शब्दात उत्तर येत नाही. त्यात व्हॅनिलाची झाक असते, भाजलेल्या दाण्याची, ओल्या लाकडाची. उकळताना साखर आणि रसातली अमिनो आम्लं मिळून हे सगळं तयार होतं, एका घटकाने ते साधत नाही.

आपल्याकडे मेपल सिरपचं नाव हमखास माहीत असलेला आणखी एक वर्ग आहे तो डॉक्टरांचा. १९५४ मध्ये वर्णन केलेल्या एका जन्मजात आजारात बाळाच्या शरीराला ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्लं पचवता येत नाहीत आणि लघवीला मेपल सिरपसारखा गोड वास येतो. आजाराचं नावच ‘मेपल सिरप युरिन डिसीज’. भारतातले वैद्यकीय विद्यार्थी सिरप न चाखता हे नाव पाठ करतात. यात आपल्या घरांशी जोडलेली एक गोष्ट अशी, की आईने भरपूर मेथी खाल्ली तर तिच्या निरोगी बाळालाही असा वास येऊ शकतो, तशा नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. बाळंतिणीला मेथीचे लाडू देणाऱ्या घराने हे लक्षात ठेवावं. मात्र वास आला आणि बाळ दूध पीत नसेल, सुस्त असेल, तर मेथीवर न ढकलता तातडीने डॉक्टरकडे जावं. तो आजार दिवसांत जिवावर बेततो.

भारतातली परिस्थिती सांगायची तर मुंबई-पुण्यातल्या मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन अस्सल सिरप मिळतं. आयात माल असल्याने छोट्या बाटलीलाही चांगले पैसे मोजावे लागतात. वॉफल-पॅनकेकच्या गाड्यांवर, कॅफेत जे ओततात ते बहुतेक वासाचा पाक असतो, आणि तेवढ्या किमतीत दुसरं परवडणारही नाही. हिमालयात मेपलच्या कुळातली झाडं आहेत, पण त्यांच्या रसाचा धंदा उभा राहिलेला नाही. काश्मीरचा चिनार मेपल नव्हे. पान तसंच दिसतं म्हणून पुष्कळांना तसं वाटतं, पण ते झाड वेगळ्याच कुळातलं.

मध वर्ज्य असणाऱ्या जैन कुटुंबांकडून मला नेहमी विचारणा होते. सिरप मुळात झाडाचा रसच आहे, त्यामुळे ते चालण्यासारखं आहे. एक खुलासा मात्र करायला हवा. उकळताना फेस वर येतो, तो बसवायला थेंबभर स्निग्ध पदार्थ टाकतात. पूर्वी लोणी, साय, क्वचित डुकराची चरबीही वापरत. आज मोठे उत्पादक बहुधा वनस्पती तेल किंवा त्यासाठीच बनवलेलं फेसरोधक वापरतात, आणि जैविक प्रमाणपत्र असेल तर नियमानुसारचंच वापरावं लागतं. ज्यांना काटेकोरपणे पाळायचं आहे त्यांनी जैविक आणि व्हिगन अशा दोन्ही खुणा असलेली बाटली घ्यावी.

आता तुमच्या मुलीने बाटली आणली तर. तिला सांगा, घटकांच्या यादीत एकच नाव असलं पाहिजे: मेपल सिरप. दुसरं काही दिसलं तर ठेवून द्यायचं. पानाच्या आकाराच्या काचेच्या बाटलीपेक्षा क्यूबेकमध्ये मिळणारा ५४० मिलिलिटरचा साधा पत्र्याचा डबा घ्यावा. पैसे सिरपचे पडतात, काचेचे नाही, आणि सामानात फुटत नाही. हातातल्या सामानात तो चालणार नाही, मोठ्या बॅगेतच टाकावा. प्रती चार आहेत: गोल्डन, अंबर, डार्क आणि व्हेरी डार्क. चारही शुद्धच, फरक रंगाचा आणि चवीच्या जोराचा. हंगामाच्या सुरुवातीचा पाक फिका, शेवटचा गडद. मराठी घरासाठी मी डार्क सुचवेन. आपली जीभ गुळावर वाढलेली आहे, गोल्डन तिला फिकं लागतं.

खायचं कसं, तर जिथे काकवी घ्याल तिथे. गरम घावन, आंबोळी, तूप लावलेली पोळी, दही. काकवीपेक्षा हे पातळ आहे आणि त्याला खारट कड नाही, म्हणून हात थोडा सैल सोडला तरी चालतं. लाडवात तसंच घालू नका, त्यातल्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या पाण्याने लाडू बसणार नाहीत आणि टिकणार नाहीत. आधी मंद आचेवर ११२ ते ११५ अंशांपर्यंत आटवून घ्या, मग वळा. आटवताना भांडं मोठं घ्या, फेस झपाट्याने वर येतो. तिळाची चिक्की त्याहून जास्त आटवून छान होते, पण नाजूक वास जातो, तेव्हा त्यासाठी व्हेरी डार्कच वापरावं.

डबा उघडला की सिरप काचेच्या बाटलीत काढून फ्रिजमध्ये ठेवा. त्यात टिकवणारं काहीच घातलेलं नसतं, बाहेर ठेवलं तर नाशिकच्या उन्हाळ्यात वर बुरशी धरेल. फ्रीझरमध्ये ठेवलं तरी ते घट्ट गोठत नाही, वर्षभर सहज टिकतं. आणि घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांना हे साखरेसारखंच मोजून द्यायचं. त्यातली साखर मुख्यतः तीच आहे जी उसात असते.